कमानीची शस्त्रक्रिया आणि थंडाव्याचे मोल

महाधमनीच्या कमानीतील धमनीविस्फार दुरुस्त करणाऱ्या शस्त्रक्रियेबाबत गेल्या दोन दशकांत एक मत रूढ होत चालले आहे. शस्त्रक्रियेच्या काळात मेंदूला स्वतंत्र नळीतून रक्त पुरवण्याची सोय झाली की रुग्णाचे शरीर फारसे गार करण्याचे कारण उरत नाही, उलट गार केल्याने रक्तस्राव वाढतो, शस्त्रक्रिया लांबते आणि पदरात काही पडत नाही, असे हे मत आहे. ते मांडणारे शल्यविशारद अनुभवी आहेत, त्यांच्या हातून असंख्य रुग्ण बरे होऊन घरी गेले आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात सत्याचा मोठा अंश आहे. तरीही या मताचा निष्कर्ष त्याच्या पुराव्यापेक्षा बराच पुढे गेलेला आहे, आणि त्या अंतराची किंमत काही रुग्णांना आपल्या पायांनी, तर काहींना आपल्या स्मरणशक्तीने मोजावी लागते. त्यामुळे त्याचा प्रतिवाद होणे आवश्यक आहे.

वादाचे स्वरूप कळण्यासाठी शरीररचनेची थोडी ओळख हवी. हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघणारी महाधमनी छातीत वर चढते, डावीकडे व मागे वळते आणि कण्याच्या कडेने पोटाकडे उतरते. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या भागांना जोडणारे हे वळण म्हणजे कमान. कमानीतून तीन मोठ्या शाखा फुटतात. पहिली उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त नेते, दुसरी म्हणजे डावी कॅरोटिड धमनी मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि तिसरी, डावी सबक्लेव्हियन धमनी, डाव्या हाताकडे जाता जाता मेंदूच्या मागील भागासाठी व मज्जारज्जूसाठी उपशाखा देते. वाढते वय, उच्च रक्तदाब, जन्मजात दुर्बल संयोजी ऊती किंवा धमनीचा दाह यांमुळे कमानीची भित्ती कमकुवत झाली की ती फुगत जाते, आणि या फुगलेल्या अवस्थेला धमनीविस्फार म्हणतात. छातीतील महाधमनीचा व्यास ६ सेंटिमीटरच्या पुढे गेला की ती फुटण्याचे किंवा तिच्या भित्तीचे थर उकलण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ६.९ टक्के होते, असे येल विद्यापीठातील अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. फुटलेली महाधमनी बहुधा रुग्णालयापर्यंत पोचू देत नाही, आणि म्हणून शस्त्रक्रिया आधीच करावी लागते.

अडचण अशी की कमान कापून तिच्या जागी कृत्रिम नळी शिवायची तर तिच्यातून वाहणारे रक्त थांबवावे लागते आणि ते थांबले की मेंदूचा पुरवठा तुटतो. शरीराच्या सामान्य तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला, मेंदू रक्तावाचून जेमतेम पाच मिनिटे तग धरतो, आणि तीन शाखांसह कमान बदलण्याचे शिवणकाम पाच मिनिटांत कोणालाही जमत नाही.

थंडावा ही कालबाह्य सवय आहे, या म्हणण्याचे उत्तर इतिहासातच मिळते. १९५७ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी, स्टॅन्ले क्रॉफर्ड, डेंटन कूली आणि जॉर्ज मॉरिस यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने कमान बदलण्यात यश मिळवले, तेव्हा त्यांनी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांना स्वतंत्रपणे रक्त पुरवले होते. म्हणजे मेंदूच्या स्वतंत्र रक्तपुरवठ्याची पद्धत ही दोहोंपैकी आधीची आहे. पुढील दीड-दोन दशके तिचे निकाल निराशाजनकच राहिले, कारण अनेक नळ्या, अनेक चिमटे आणि गाळाने भरलेल्या धमन्यांची हाताळणी यांतून निघणारे कण मेंदूत जाऊन बसत, शिवाय प्रत्येक धमनीत किती रक्त जाते आहे हे नेमके समजण्याची साधने नव्हती. १९७५ मध्ये स्टॅनफर्ड येथील रॅन्डल ग्रिप यांनी चार रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांनी शरीर खोलवर गार केले, रक्ताभिसरण पूर्णपणे थांबवले आणि नळ्या-चिमट्यांची गर्दी नसलेल्या, रक्तहीन जागेत शांतपणे कमान शिवली. चारांपैकी तीन रुग्ण वाचले. कमानीची शस्त्रक्रिया मोजक्या हातांच्या साहसातून बाहेर येऊन शिकता-शिकवता येणारी विद्या झाली ती या पावलामुळे. थंडावा हा अशा प्रकारे पहिल्या पद्धतीच्या अपयशावर शोधलेला उपाय होता, आणि त्याला जुन्या काळाचा अवशेष म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यायला हवा.

थंडाव्याने नेमके काय साधते, हेही आकड्यांत सांगता येते. पेशीला रक्त लागते ते तिच्या चयापचयासाठी, म्हणजे प्राणवायू आणि साखर जाळून ऊर्जा निर्माण करण्याच्या अखंड प्रक्रियेसाठी, आणि तापमान उतरले की ही प्रक्रिया मंदावते. न्यू यॉर्कमधील माउंट सायनाय येथील मॅकलोह, ग्रिप आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी केलेल्या मोजमापांवरून असे अनुमान काढले की मेंदूचा चयापचय ३० अंशांवर सामान्याच्या निम्म्याहून थोडा अधिक, २० अंशांवर सुमारे एक चतुर्थांश आणि १५ अंशांवर सुमारे एक षष्ठांश उरतो. त्यावरून रक्ताभिसरण थांबवण्याचा सुरक्षित काळ ३० अंशांवर सुमारे ९ मिनिटे, २५ अंशांवर १४, २० अंशांवर २१ आणि १५ अंशांवर ३१ मिनिटे येतो. हा प्रतिवाद मुख्यतः याच आकड्यांवर उभा आहे.

केवळ थंडाव्यावर विसंबण्याच्याही मर्यादा आहेत आणि त्या निःसंकोच मान्य करायला हव्यात. लार्स स्वेन्सन, क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ६५६ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा रक्ताभिसरण ४० मिनिटांहून अधिक काळ बंद राहिल्यास पक्षाघाताचे आणि ६५ मिनिटांहून अधिक काळ बंद राहिल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते, असे आढळले. १९९९ मध्ये माउंट सायनायच्याच एका अभ्यासाने त्याहून सूक्ष्म हानी दाखवून दिली. ज्यांच्यात हा काळ २५ मिनिटांच्या पुढे गेला होता, त्यांच्या स्मरणशक्तीत आणि बोटांच्या बारीक हालचालींत उणीव राहिली होती, आणि असे रुग्ण चालत घरी गेलेले असल्यामुळे मृत्यू आणि पक्षाघात एवढेच मोजणाऱ्या तक्त्यांत ते यशस्वी म्हणून नोंदले गेले असते. या मर्यादांवर उपाय म्हणून मेंदूच्या स्वतंत्र रक्तपुरवठ्याचे पुनरागमन झाले. जपानमध्ये तेरुहिसा काझुई यांनी दोन्ही बाजूंच्या धमन्यांत नैसर्गिक दिशेने रक्त सोडण्याची पद्धत शिस्तबद्ध केली, त्याच देशातील युइची उएदा यांनी १९९० मध्ये शिरांमधून उलट दिशेने रक्त देण्याचा मार्ग कमानीच्या शस्त्रक्रियेत आणला, आणि पुढे उजव्या काखेतील धमनीला नळी जोडून तिच्यातून मेंदूला रक्त देण्याची सुटसुटीत रीत जगभर पसरली. हा उपकार मोठा आहे. दोन तास चालणारी अवघड पुनर्बांधणी आज शक्य होते ती या पद्धतीमुळे, आणि ती सोडून देऊन पुन्हा निव्वळ थंडाव्याकडे वळावे असे या लेखाचे म्हणणे अजिबात नाही.

वाद सुरू होतो तो यानंतरच्या उडीपाशी. रक्तपुरवठ्याची सोय झाल्यावर तापमान १८ अंशांवरून २४ किंवा २५ अंशांपर्यंत वाढवले गेले, ते योग्यच होते. पण मग ते २८, ३० आणि काही ठिकाणी ३१-३२ अंशांपर्यंत नेले जाऊ लागले, आणि प्रत्येक पायरीचा आधार म्हणून मागच्या पायरीचे यश पुढे केले गेले. २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने सर्वसंमतीने केलेल्या वर्गीकरणानुसार १४.१ ते २० अंश हे खोल, २०.१ ते २८ अंश हे मध्यम आणि २८.१ ते ३४ अंश हे सौम्य शीतन होय. मध्यम शीतनाच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. सौम्य शीतनाच्या बाजूचा पुरावा मात्र तसा नाही, आणि दोहोंना एकाच नावाखाली 'उबदार शस्त्रक्रिया' म्हणून खपवण्यात या मताची पहिली मोठी चूक आहे.

पुराव्याचाच विचार केला तर सर्वांत वारंवार दिला जाणारा दाखला म्हणजे रक्तपुरवठ्याविना केलेले खोल शीतन आणि रक्तपुरवठ्यासह केलेले मध्यम शीतन यांची तुलना करणारे अभ्यास. या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दुसऱ्या गटात पक्षाघात कमी आढळतो, आणि त्यावरून थंडाव्याला दोषी ठरवले जाते. परंतु या तुलनेत एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या आहेत. दुसऱ्या गटाला रक्तही मिळाले आणि तो उबदारही ठेवला गेला. मग लाभ रक्तामुळे झाला की उबेमुळे, हे अशा तुलनेतून ठरवताच येत नाही, आणि शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने रक्तामुळे झाला असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. श्रेय एका घटकाचे आणि शिक्षा दुसऱ्या घटकाला, अशी ही न्यायदानाची रीत आहे.

दुसरा दाखला मोठ्या मालिकांचा दिला जातो. जर्मनीतील झीरर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २८ ते ३० अंशांवर शस्त्रक्रिया झालेल्या १००२ रुग्णांचे चांगले निकाल प्रसिद्ध केले, आणि हे काम आदराने वाचण्याजोगे आहे. मात्र अशी कोणतीही मालिका वाचताना तीन प्रश्न विचारावे लागतात. संपूर्ण कमान बदललेले रुग्ण किती आणि कमानीची केवळ खालची कड बदललेले, म्हणजे हेमिआर्च या तुलनेने छोट्या शस्त्रक्रियेचे रुग्ण किती? शरीराच्या खालच्या भागाचे रक्ताभिसरण सरासरी किती मिनिटे बंद होते? आणि काम लांबणार असे आधीच दिसत असलेल्या रुग्णांसाठी शल्यविशारदाने अधिक गार तापमान निवडले होते का? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जाणता शल्यविशारद सोपी शस्त्रक्रिया उबदार आणि अवघड शस्त्रक्रिया गार वातावरणात करतो. मग नंतर दोन्ही गटांची तुलना करून उबदार गट सरस ठरला असे जाहीर केले, तर त्यातून शल्यविशारदाची निवड चांगली होती एवढेच सिद्ध होते.

यादृच्छिक चाचणीचा, म्हणजे रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरवणाऱ्या प्रयोगाचा पुरावा या क्षेत्रात विरळा आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गॉट आइस' या चाचणीत नियोजित शस्त्रक्रियेच्या ३०८ रुग्णांना खोल, मध्यमातील गार आणि मध्यमातील उबदार अशा तीन गटांत विभागले होते, आणि चार आठवड्यांनंतरच्या एकूण बौद्धिक क्षमतेत मध्यम शीतन खोल शीतनापेक्षा कमी प्रतीचे ठरले नाही. उबदार शस्त्रक्रियेचे समर्थक या निष्कर्षाचा आनंदाने उल्लेख करतात, पण या चाचणीतील सर्वांत उबदार गट २८ अंशांवरच थांबतो, त्यामुळे २९, ३० किंवा ३२ अंशांविषयी ती काहीही सांगत नाही. शिवाय दुय्यम विश्लेषणात शाब्दिक स्मृतीच्या एका कसोटीवर खोल शीतनाचा गट सरस दिसला होता, याचा उल्लेख क्वचितच केला जातो.

आता मुख्य मुद्दा. मेंदूला रक्त पोचले म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, या विधानात रुग्ण म्हणजे मेंदू असे गृहीत धरलेले आहे. मेंदूकडे नळीतून रक्त जात असताना छातीच्या खालचे सारे शरीर रक्तावाचून असते. यकृत, मूत्रपिंडे आणि आतडी हा खंड बऱ्यापैकी सोसतात. मज्जारज्जू सोसत नाही. कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारी ही मज्जातंतूंची दोरी मेंदूचाच विस्तार आहे आणि तिच्या पेशीही प्राणवायूसाठी तितक्याच हळव्या असतात. तिचा वरचा भाग मानेतील धमन्यांवर जगतो, पण छातीच्या खालच्या निम्म्या भागापासून कमरेपर्यंतचा भाग उतरत्या महाधमनीतून निघणाऱ्या छोट्या धमन्यांवर आणि त्यांच्या परस्पर जोडलेल्या जाळ्यावर अवलंबून असतो. माउंट सायनाय येथे डुकरांवर झालेल्या प्रयोगांत, २८ अंशांवर केवळ मेंदूला रक्त देत असताना मज्जारज्जूच्या खालच्या भागातील रक्तप्रवाह जवळजवळ शून्यावर येतो आणि हा काळ लांबला की मागचे पाय लुळे पडतात, असे दिसले.

माणसांतील पुरावाही आहे. हॅनोव्हर येथील कामिया आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३७७ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात २० ते २५ अंश आणि २५ ते २८ अंश अशा दोन गटांचे एकूण निकाल सारखेच होते. परंतु खालच्या शरीराचे रक्ताभिसरण ६० मिनिटे किंवा अधिक काळ बंद राहिलेल्या रुग्णांकडे वेगळे पाहिले, तेव्हा उबदार गटात १८.२ टक्के रुग्णांचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले होते, आणि गार गटात असा एकही रुग्ण नव्हता. हा उपगट लहान आहे आणि त्यातील टक्केवारी काटेकोर सत्य म्हणून घेऊ नये. पण तापमानात अवघ्या तीन-चार अंशांचा फरक असताना दिसलेली ही दिशा शरीरक्रियाशास्त्र आणि प्राण्यांवरील प्रयोग या दोहोंशी इतकी सुसंगत आहे की तिला योगायोग म्हणून बाजूला सारता येत नाही. एकूण सरासरीत हे रुग्ण हरवून जातात, हेही येथे ध्यानात घ्यावे. उबदार शस्त्रक्रियेची कैफियत नेहमी एकूण सरासरीवरच मांडली जाते.

शस्त्रक्रिया बदलली तसा हा धोका वाढलाही आहे. १९८३ मध्ये हॅनोव्हर येथील हान्स बोर्स्ट यांनी कृत्रिम नळीचे एक टोक उतरत्या महाधमनीत मोकळे लोंबत ठेवण्याची युक्ती काढली, तिला 'हत्तीची सोंड' असे नाव पडले. पुढे या सोंडेत धातूची जाळी बसवून ती आतून ताठ धरून ठेवणारी सुधारित आवृत्ती आली. तिने अनेकांना दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेपासून वाचवले. पण ही ताठ सोंड मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडे झाकते. ३००० हून अधिक रुग्णांच्या २०२० मधील एकत्रित विश्लेषणात मज्जारज्जूच्या इजेचे प्रमाण सरासरी ४.७ टक्के होते. सोंड १० सेंटिमीटरची असताना ते २.५ टक्के, तर १५ सेंटिमीटर किंवा छातीच्या आठव्या मणक्यापर्यंत पोचणारी असताना ११.६ टक्के होते. सोंडेची लांबी हे त्यामागचे मोठे कारण आहे यात शंका नाही. पण शस्त्रक्रियेनंतर ज्या मज्जारज्जूचा पुरवठा मुळातच कमी होणार आहे, त्याला शस्त्रक्रियेच्या काळात ३० अंशांवर तासभर उपाशी ठेवणे हे कोणत्या तर्कात बसते, याचे उत्तर उबदार पक्षाकडून मिळायला हवे.

या आक्षेपावर एक उत्तर दिले जाते आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. उतरत्या महाधमनीत फुगा फुगवून किंवा जांघेतील धमनीतून वेगळी नळी घालून खालच्या शरीरालाही रक्त द्यावे, म्हणजे रक्ताभिसरण कोठेच थांबणार नाही आणि थंडावा अनावश्यक ठरेल. फ्रान्समध्ये आमियां येथील तुआती यांनी जवळजवळ सामान्य तापमानाला अशा शस्त्रक्रिया करून दाखवल्या आहेत. अनुकूल शरीररचनेच्या रुग्णात, सरावलेल्या चमूच्या हाती, हे शक्य आहे. मात्र विस्फार झालेल्या महाधमनीच्या आतल्या भित्तीवर बहुधा मेदाचा आणि गुठळ्यांचा ठिसूळ थर असतो, आणि तिच्यात आणखी एक फुगा, आणखी एक नळी, आणखी एक चिमटा घालणे म्हणजे कण सुटण्याची आणखी एक संधी देणे. कमानीच्या शस्त्रक्रियेतील पक्षाघात मोठ्या प्रमाणावर अशा सुट्या कणांमुळे होतात. १९५७ ची पद्धत ज्या गर्दीमुळे अडखळली होती, तीच गर्दी येथे अधिक सुबक साधनांसह परत येते.

मेंदूच्या पुरवठ्याची खात्री गृहीत धरली जाते, तीही तपासून पाहायला हवी. उजव्या काखेतून दिलेले रक्त मेंदूच्या उजव्या बाजूला सरळ पोचते; डाव्या बाजूला ते पोचते मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळातून, ज्याचे वर्णन थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये केले. हे वर्तुळ पुस्तकातील चित्राप्रमाणे पूर्ण आणि सममित असते असे नाही. शवविच्छेदनांवर आधारलेल्या अनेक अभ्यासांत ते तसे निम्म्याहून कमी लोकांत आढळले आहे. बाकीच्यांत कोठे जोडणारी धमनी बारीक असते, कोठे नसतेच. कपाळावर चिकटवलेल्या पट्ट्यांतून अवरक्त किरणांनी मेंदूतील प्राणवायू मोजणारे यंत्र उपयोगी आहे, पण ते मेंदूच्या पुढच्या भागाचीच वार्ता देते, मागच्या भागाचे आणि मज्जारज्जूचे त्याला काही कळत नाही.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत ही शंका अधिक गडद होते. आपल्याकडे महाधमनीच्या विकारांत अ‍ॅऑर्टोआर्टेरायटिस, म्हणजे महाधमनी आणि तिच्या शाखांचा दीर्घकालीन दाह, याचे स्थान पाश्चात्त्य देशांहून ठळक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या विकारावर ग्रंथरूपाने मूलभूत काम केले. हा विकार धमनी फुगवतो, तसाच ती अरुंदही करतो, आणि सबक्लेव्हियन व कॅरोटिड धमन्या त्याच्या आवडत्या जागा आहेत. अशा तरुण रुग्णाच्या काखेतील धमनीतून दिलेले रक्त मेंदूपर्यंत कितपत पोचेल, हे वृद्धांच्या झिजेच्या विकारावर आधारलेल्या युरोपीय मालिका सांगू शकत नाहीत. त्यांचे तापमान जसेच्या तसे उचलण्यापूर्वी मानेतील आणि डोक्यातील धमन्यांचे सीटी चित्रण करून पाहणे, हा येथे वैकल्पिक भाग मानता येणार नाही.

यंत्रांचे आणि माणसांचेही काही सांगता येत नाही. नळी सरकते, मुडपते, तिच्यात हवा शिरते, शिवण फाटून पुन्हा घालावी लागते, आणि २५ मिनिटांचे ठरवलेले काम ५५ मिनिटांवर जाते. अशा वेळी वर दिलेले आकडे पुन्हा आठवावेत. २८ अंशांवर मेंदूचा पुरवठा खंडित झाला तर चमूच्या हाती दहा-बारा मिनिटे असतात, २० अंशांवर वीसहून अधिक. अवर्षणाच्या वर्षासाठी कणगीत ठेवलेल्या धान्यासारखा हा थंडावा असतो. पीक चांगले आलेल्या वर्षी ते धान्य लागले नाही म्हणून ते साठवणे व्यर्थ होते असे कोणताही शेतकरी म्हणत नाही. उबदार शस्त्रक्रियेच्या मालिका या मुख्यतः पीक चांगले आलेल्या वर्षांची नोंद आहेत. इतर सारी संरक्षणे कोणीतरी काहीतरी अचूक करत राहण्यावर अवलंबून असतात. पेशीत उतरलेला थंडावा मात्र सारे बिघडले तरी काही काळ काम करत राहतो.

थंडाव्याच्या दुष्परिणामांविषयी जे सांगितले जाते, त्याचीही छाननी हवी. गार रक्तात गुठळी बनवणारी प्रथिने आणि रक्तकणिका मंदावतात, त्यामुळे रक्तस्राव वाढतो, आणि गार करून पुन्हा उबदार करण्यात यंत्रावरचा काळ वाढतो, हे खरे आहे. परंतु थंडाव्याच्या खात्यावर मांडली जाणारी मेंदूची बरीचशी हानी वस्तुतः घाईने ऊब देण्याची असते. वेळ वाचवण्यासाठी रक्त अतिउष्ण करून सोडले की मेंदू इतर शरीराच्या आधी तापतो आणि जखमी पेशींची प्राणवायूची भूक पुरवठ्याहून वेगाने वाढते. अमेरिकेतील संबंधित तज्ज्ञसंस्थांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे तापमान ३७ अंशांच्या आत ठेवावे आणि ३० अंशांच्या पुढे ऊब मिनिटाला अर्ध्या अंशाहून अधिक वेगाने देऊ नये. ही शिस्त पाळण्यासाठी अर्धा-पाऊण तास अधिक लागतो. तो अर्धा तास द्यायचा नाही म्हणून रुग्णाला गारच करायचे नाही, हा युक्तिवाद शल्यविशारदाच्या आणि रुग्णालयाच्या सोयीचा आहे. रुग्णाच्या हिताशी त्याचा संबंध क्षीण आहे.

तापमान मोजण्याच्या जागेचा गोंधळ तर या साऱ्या चर्चेला पोखरणारा आहे. नाकामागील घशात, मूत्राशयात आणि गुदाशयात एकाच क्षणी वेगवेगळी तापमाने असतात. घशात २४ अंश असताना मूत्राशयात २७ किंवा २८ असू शकतात. एका रुग्णालयाचे २८ अंश हे दुसऱ्याचे २४ असतील, तर दोहोंचे निकाल शेजारी ठेवून काढलेला अर्थ फोल ठरतो. प्रसिद्ध निबंधांपैकी अनेकांत ही जागा स्पष्ट नमूद केलेली नसते, आणि तरीही त्यांतले आकडे एकमेकांत मिळवले जातात.

या सर्वांचा अर्थ प्रत्येक रुग्ण १८ अंशांपर्यंत गार करावा असा होत नाही. कमानीची केवळ खालची कड बदलायची आहे, खालच्या शरीराचे रक्ताभिसरण वीस मिनिटांत पूर्ववत होणार आहे, मेंदूचे वर्तुळ चित्रणात पूर्ण दिसले आहे, अशा रुग्णाला २६ ते २८ अंश पुरेसे आहेत, आणि त्याला अधिक गार करणे म्हणजे विनाकारण रक्तस्रावाचा धोका पत्करणे होय. संपूर्ण कमान बदलायची आहे, ताठ सोंड बसवायची आहे, पूर्वी छाती उघडलेली आहे, किंवा भित्ती गुठळ्यांनी भरलेली आहे, अशा रुग्णाला मात्र २० ते २४ अंशांचा थंडावा, दोन्ही बाजूंचा आणि शक्य तेथे डाव्या सबक्लेव्हियन धमनीचाही रक्तपुरवठा, हृदयाच्या बाजूला अलीकडे सरकवलेली शिवण आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब चढा ठेवण्याची दक्षता हे सारे एकत्र मिळायला हवे. यांपैकी एक मिळाले म्हणून दुसरे काढून घेण्याचे कारण नाही.

रुग्णाला संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी पक्षाघाताचा धोका सांगितला जातो. दोन्ही पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका आणि त्यावर तापमानाचा होणारा परिणामही त्याच स्पष्टतेने सांगितला जावा. कमानीची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक विभागाने आपल्या प्रत्येक रुग्णाबाबत तापमान किती होते व ते कोठे मोजले, खालच्या शरीराचे रक्ताभिसरण किती मिनिटे बंद होते, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे पाय व त्याची स्मृती कशी होती, या गोष्टी नोंदवून प्रसिद्ध कराव्यात. तासाभराची पुनर्बांधणी ३० अंशांवर निर्धोक असते, हे अशा नोंदींनी अजून कोणीही दाखवलेले नाही, आणि तसे दाखवले जाईपर्यंत ती निर्धोक आहे असे रुग्णाला सांगण्याचा अधिकार कोणत्याही शल्यविशारदाला नाही.